सर्व्हरची घड्याळं पुन्हा पुन्हा चुकतात? आधी चुकीचा आकडा वाचा

लक्षणं ओळखीची आहेत. सकाळी सेफच्या (अनेक सर्व्हरवर पसरलेल्या स्टोरेज व्यवस्थेच्या) डॅशबोर्डवर पिवळा इशारा येतो, ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’, म्हणजे सर्व्हरच्या घड्याळांत फरक पडलाय. कुणीतरी त्या नोडवर (क्लस्टरमधल्या त्या सर्व्हरवर) क्रोनी, म्हणजे एनटीपी पद्धतीने नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा, रीस्टार्ट करतं, काही मिनिटांत डॅशबोर्ड हिरवा होतो, तिकीट बंद. चार दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. मधल्या काळात ईटीसीडी या क्लस्टरच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसच्या लॉगमध्ये ‘पिअरच्या घड्याळातला फरक १ सेकंदापेक्षा जास्त’ अशा ओळी पडत राहतात, कुणाचा ओटीपी चालत नाही आणि विंडोज व्हीएमवर (आभासी यंत्रावर) डोमेन लॉगिन नाकारलं जातं. ही सगळी तिकिटं वेगवेगळ्या टीमकडे जातात. मुळात ती एकच तक्रार असते, हे महिनाभर लक्षात येत नाही.

हे टिपण नवी मुंबई-ठाण्यात नेहमी दिसणारी मांडणी समोर ठेवून लिहिलं आहे: मुख्य रॅक महापे किंवा रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये, दुसरी जागा ठाण्यात वागळे इस्टेटला, मधे दोन वेगळ्या ऑपरेटरांची फायबर. वर व्हीएम चालवायला ओपनस्टॅक किंवा व्हीएमवेअर, स्टोरेजला सेफ, आत लिनक्स आणि विंडोजची सरमिसळ.

रीस्टार्टने बरं का वाटतं

क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये बहुतेक ठिकाणी ‘मेकस्टेप १.० ३’ ही ओळ असते. तिचा अर्थ असा: चूक १ सेकंदापेक्षा मोठी असेल तर घड्याळाला उडी मारू द्या, पण सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या ३ अपडेटपुरतीच. त्यानंतर कितीही मोठी चूक असली तरी क्रोनी घड्याळ हळूहळू सरकवतं. रीस्टार्ट केलं की ही तीन उड्यांची मुभा पुन्हा मिळते आणि सेकंदाच्या वरची चूक तेवढ्यात पुसली जाते. सेकंदाच्या आतली असेल तरी नव्याने मोजणी करून घड्याळ भराभर सरकवलं जातं. म्हणजे घड्याळ बरोबर झालं, पण ते कशामुळे चुकलं ते तसंच राहिलं. शिवाय रीस्टार्टने स्रोतांची आठवणही पुसली जाते, आणि पुरावा तर तिथेच होता.

म्हणून पहिला नियम: हात लावण्याआधी पाच गोष्टी फाइलमध्ये साठवा. ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’, ‘क्रोनीसी सोर्सेस’, ‘क्रोनीसी सोर्सस्टॅट्स’, ‘क्रोनीसी एनटीपीडेटा’ यांचं आउटपुट आणि क्रोनीचा मागच्या ४८ तासांचा जर्नल. ज्या नोडबद्दल तक्रार आहे तिथलं घ्याच, पण एखाद्या तक्रार नसलेल्या नोडवरचंही घ्या. खोटं घड्याळ बऱ्याचदा दुसऱ्याच नोडवर असतं. सेफच्या तीन मॉनिटरपैकी (क्लस्टरवर लक्ष ठेवणाऱ्या सेवांपैकी) इशारा ज्याच्या नावाने आला तो चुकलेला असेलच असं नाही. मोजमाप त्यांच्यातल्या लीडरच्या तुलनेत होतं, आणि लीडरच भरकटलेला असू शकतो.

एसएसएचच्या लूपमध्ये ‘डेट’ चालवून नोडची तुलना करू नका. जोडणी व्हायलाच दोनतीनशे मिलिसेकंद जातात आणि शोधायची चूक ५० मिलिसेकंदांची असते. त्याऐवजी क्रोनीडी मोठ्या क्यूच्या पर्यायासह चालवा आणि पुढे अवतरणात सर्व्हरचा पत्ता व आयबर्स्ट द्या. तो फक्त मोजतो, आकडा छापतो आणि बाहेर पडतो. इथे एक पाय घसरण्याची जागा आहे: छोटा क्यू दिलात तर तो मोजून घड्याळ बदलूनही टाकतो. प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर हा फरक महागात पडतो.

आकडाच सांगतो घोडं कुठे पेंड खातंय

चूक किती आहे आणि ती कशी वाढते, एवढ्यावरून निम्म्याहून जास्त प्रकरणं सुटतात. कॉन्फिग उघडण्याआधी हा आकडा बघायची सवय लावून घ्या.

फरक १९८०० सेकंद, म्हणजे बरोबर साडेपाच तास. हे खास आपलं भारतीय दुखणं. हार्डवेअरचं घड्याळ (आरटीसी) एका बाजूला यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजलं जातंय आणि दुसऱ्या बाजूला भारतीय प्रमाणवेळ. कुणीतरी बायॉसमध्ये भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वेळ भरलेली असते. लिनक्स होस्टवर ‘टाइमडेटसीटीएल’ चालवा, ‘आरटीसी इन लोकल टीझेड’ पुढे ‘नो’ हवं. विंडोज व्हीएममध्ये हा प्रकार जास्त. विंडोज हार्डवेअर घड्याळाला स्थानिक वेळ मानतं, आणि ओपनस्टॅकमध्ये इमेजवर ‘ओएस टाइप विंडोज’ हा गुणधर्म नसेल तर नोव्हा (ओपनस्टॅकचा व्हीएम चालवणारा भाग) व्हीएमला यूटीसी घड्याळ देतं. गुणधर्म लावला तरी होस्टचा टाइमझोन यूटीसी असेल तर ‘लोकल टाइम’ म्हणजे यूटीसीच, त्यामुळे बूट झाल्यावर विंडोज साडेपाच तास मागे. कर्बेरॉस ही डोमेनची लॉगिन पद्धत ५ मिनिटांपलीकडचा फरक सहन करत नाही, म्हणून डोमेन लॉगिन लगेच मरतं. दोन उपाय आहेत: होस्टचा टाइमझोन एशिया-कोलकाता ठेवून गुणधर्म लावा, किंवा गुणधर्म न लावता विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइम इज युनिव्हर्सल’ची किंमत १ करा. दोन्ही एकदम केलंत तर चूक फक्त उलट्या दिशेला जाईल.

फरक ३७ सेकंद. कुणीतरी पीटीपी (एनटीपीहून अचूक वेळ देणारी पद्धत) आणलंय. पीटीपीची मूळ वेळ टीएआयमध्ये (आण्विक घड्याळांच्या अखंड वेळेत) असते आणि १ जानेवारी २०१७ पासून ती यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे. नेटवर्क कार्डाचं घड्याळ क्रोनीला रेफक्लॉक (थेट जोडलेला स्रोत) म्हणून देताना हा फरक वजा करायचा राहिला.

फरक १८ सेकंद. जीपीएसची वेळ आणि यूटीसी यांतलं आजचं अंतर एवढंच आहे. उपग्रहाचा संपूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात आणि लीप सेकंदाची (यूटीसीत अधूनमधून घातलेल्या जादा सेकंदाची) माहिती त्यातच असते. रिसीव्हर थंड अवस्थेतून उठला आणि पहिल्या काही मिनिटांतच वेळ वाटू लागला, तर सगळा क्लस्टर १८ सेकंदांनी हलतो आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतो. अशा चुकीचं कारण नंतर कुणालाच सापडत नाही.

फरक ७१६८ दिवसांचा, म्हणजे १०२४ आठवडे. जुन्या जीपीएस रिसीव्हरचा आठवड्यांचा काउंटर शून्यावर गेला. उपग्रहांचा स्वतःचा काउंटर ६ एप्रिल २०१९ च्या रात्री फिरला, पण रिसीव्हरच्या फर्मवेअरची स्वतःची मुदत वेगळी असू शकते. फर्मवेअर बदला, नाहीतर रिसीव्हर काढा.

फरक रोज ठरावीक वाढतो. म्हणजे घड्याळ कुणाच्याच ताब्यात नाही. १ पीपीएमची (दहा लाखांत एका भागाची) चूक दिवसाला ८६.४ मिलिसेकंद होते. साध्या मदरबोर्डावरच्या, घड्याळ चालवणाऱ्या स्फटिकाची २० पीपीएमची चूक अजिबात असामान्य नाही, म्हणजे दिवसाला १.७ सेकंद. सेफची मर्यादा ५० मिलिसेकंद आहे आणि २० पीपीएमने ती ४२ मिनिटांत ओलांडली जाते. पण क्रोनीने आधी स्फटिकाची चाल शिकून ठेवली असेल आणि शिल्लक चूक १ पीपीएमच असेल, तर हीच मर्यादा ओलांडायला जवळपास १४ तास लागतात. सकाळी तक्रार आली म्हणून रात्रीचेच लॉग चाळत बसू नका, संपर्क आदल्या दिवशी दुपारी तुटलेला असू शकतो.

फरक काही मिलिसेकंदांचा आणि ठरावीक वेळीच. तो नेटवर्कचा, त्याबद्दल पुढे. फरक एकदम आला, तोही लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) किंवा स्नॅपशॉटनंतर, तर हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) बघा.

कोण कुणाचं ऐकतंय

आकड्याने सुटलं नाही तर ‘सोर्सेस’ची यादी वाचायला घ्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन खुणा असतात. दुसरी खूण महत्त्वाची: तारा म्हणजे सध्या निवडलेला स्रोत, अधिक म्हणजे त्याच्या जोडीने धरलेला, प्रश्नचिन्ह म्हणजे पोहोचतच नाही, फुली म्हणजे हा खोटं बोलतोय असं क्रोनीचं मत.

त्याच ओळीतला ‘रीच’ हा आकडा अष्टमान पद्धतीचा आहे, तो आठ डब्यांसारखा वाचायचा. ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं. ३७६ म्हणजे फक्त आत्ताचं चुकलं. शून्य म्हणजे दार बंद. आणि कधी २५२, कधी ३२५ असा नाचत असेल तर बाँडची (एकत्र जोडलेल्या नेटवर्क तारांपैकी) एक तार संशयित धरा. क्रोनी दर विचारणेला नवा सोर्स पोर्ट घेतं, त्यामुळे लेयर ३+४ हॅशिंग (पत्ता आणि पोर्ट बघून तार निवडणं) असलेल्या बाँडवर पॅकेट कधी या तारेने, कधी त्या तारेने जातात. एक तार अर्धमेली असेल तर साधारण निम्मी उत्तरं गळतात. पिंगला एकच तार मिळते, म्हणून पिंग शंभर टक्के ठीक दिसतो आणि नेटवर्कवाले तिकीट परत पाठवतात.

सोर्स पोर्टाच्या याच सवयीमुळे फायरवॉलचा एक घोळही होतो. जुना एनटीपीडी दोन्ही बाजूंना यूडीपी १२३ वापरायचा, आणि त्या काळी लिहिलेले नियम ‘१२३ कडून १२३ कडे’ एवढंच सोडतात. होस्ट नव्या ओएसवर गेला, क्रोनी आलं, आणि त्याच नियमाने त्याची विचारणा अडवली. नियमात फक्त डेस्टिनेशन पोर्ट १२३ ठेवा.

‘ट्रॅकिंग’मध्ये रेफरन्स आयडी ७एफ७एफ०१०१ दिसला तर थांबा. हा नोड स्वतःलाच स्रोत मानतोय. कॉन्फिगमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ आहे आणि बाहेरचं कुणी सापडलेलं नाही. वेळ-सर्व्हरवर ही ओळ ठीक, पण एकच अँसिबल (सगळ्या सर्व्हरवर कॉन्फिग पसरवणारं साधन) टेम्प्लेट सगळ्या नोडना लावल्यामुळे ती सगळ्याच होस्टवर जाऊन बसते. मग एनटीपी तुटलं तरी प्रत्येक होस्ट ‘मी सिंक आहे’ म्हणत आपापल्या वाटेने जातो आणि मॉनिटरिंगवर सगळं आलबेल. या पूर्ण टिपणातली एकच गोष्ट आज तपासायची असेल तर ही तपासा.

दुसरा नेहमीचा आरोपी म्हणजे डीएचसीपी, नेटवर्कवर आयपी पत्ते आपोआप वाटणारी सेवा. ऑप्शन ४२ मधून एनटीपी सर्व्हरचा पत्ता येतो आणि रेड हॅट कुटुंबात तो ‘रन’खालच्या क्रोनी-डीएचसीपी डिरेक्टरीत आपोआप जमा होतो. तुम्ही मुख्य कॉन्फिग सुधारता, रीस्टार्ट करता, सगळं ठीक. पत्त्याची लीज (मुदत) नवी झाली की ऑफिसच्या राउटरचा पत्ता पुन्हा स्रोतांत. ‘पीअरएनटीपी=नो’ करा आणि कॉन्फिगमधली ती सोर्सडिर ओळ काढा.

तिसरा आरोपी म्हणजे घरातला दुसरा शहाणा. जुन्या गोल्डन इमेजमध्ये (नवे सर्व्हर ज्यावरून बनवतात त्या साच्यात) तासातासाला ‘एनटीपीडेट’ चालवणारी क्रॉनची (वेळापत्रकाप्रमाणे कामं चालवणाऱ्या सेवेची) ओळ असते. इतर वेळी ती निरुपद्रवी, कारण एनटीपीचा पोर्ट व्यापलेला पाहून ती मुकाट बाहेर पडते. पण क्रोनी फक्त क्लायंट म्हणून चालत असेल तर पोर्ट १२३ मोकळाच असतो, आणि एनटीपीडेट आपलं काम करून जातं. जर्नलमध्ये बरोबर तासाच्या ठोक्याला उड्या दिसल्या तर क्रॉन बघा. कंटेनरच्या आत चालणारा टाइम डीमन हा त्याचाच भाऊ. कंटेनर होस्टच्याच कर्नलचं घड्याळ वापरतो, आत दुसरा डीमन ठेवण्याचं काही कारण नाही.

वेळ देणारेच व्हीएम असतील तर

एनटीपी सर्व्हर त्याच क्लाउडमधल्या व्हीएमवर बसवणं ही सगळ्यात महागडी काटकसर. होस्ट व्हीएमकडून वेळ घेतो, व्हीएमचं घड्याळ होस्टवर चालतं, आणि तो व्हीएम मायग्रेट झाला की सगळ्यांना एकदम धक्का बसतो. त्यात डीएनएसही त्याच क्लाउडमध्ये असेल आणि एनटीपीचे स्रोत नावाने लिहिलेले असतील, तर थंड बूटच्या वेळी गाठ पक्की बसते: नाव सापडायला डीएनएस हवं, डीएनएसला स्टोरेज हवं, स्टोरेजला वेळ हवी.

साधा उपाय: चार छोटे भौतिक सर्व्हर, दोन महाप्यात, दोन ठाण्यात. जुनी, निवृत्त झालेली एक-यू यंत्रंही चालतील, फक्त सीआर२०३२ बॅटरी नवी घाला. चारच का? दोन स्रोतांत भांडण झालं तर खरं कोण हे ठरवता येत नाही, आणि क्रोनी लॉगमध्ये ‘नो मेजॉरिटी’ लिहून हात वर करतं. तिघांत बहुमत होतं. चौथा असतो तो एखादा देखभालीसाठी बंद असेल तेव्हासाठी. या चौघांवर ‘लोकल स्ट्रॅटम १०’ला ‘ऑर्फन’ जोडा, म्हणजे बाहेरचा संपर्क गेला तरी ते आपसात एकालाच धरून राहतील. सगळ्या होस्टवर चौघांचेही आयपी पत्ते लिहा, नावं नकोत. अंतर्गत विचारणेला मिनपोल ४ आणि मॅक्सपोल ६, म्हणजे १६ ते ६४ सेकंद. बाहेरच्या सार्वजनिक सर्व्हरना मात्र डीफॉल्टच ठेवा. उगाच दर १६ सेकंदांनी त्यांचं दार वाजवलं तर ते उत्तर देणं थांबवतात, आणि ते बरोबरच आहे.

चौघांच्या वर कोण? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी माग जुळणाऱ्या सर्व्हरशी, घड्याळं जुळवणं अपेक्षित आहे. एनआयसीचे समय१ आणि समय२, आणि दिल्लीच्या एनपीएलचा सर्व्हर हे स्रोत घ्या. त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलं आहे. घड्याळं चुकलेली असताना ते लॉग कुणाच्या काय कामाचे, हे ऑडिटच्या दिवशी कळतं. एक पथ्य: यांच्यात गूगलचा टाइम सर्व्हर मिसळू नका. तो लीप सेकंद २४ तासांत पसरवून देतो, बाकीचे एकदम देतात, आणि त्या दिवशी दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत तफावत पडते. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला आला होता, त्यानंतर आलेला नाही. तरी पथ्य पाळायला काही खर्च नाही.

आता पाहुणे व्हीएम. केव्हीएम या लिनक्सच्या हायपरवायझरवर ‘पीटीपी केव्हीएम’ मॉड्यूल लोड करून व्हीएमला थेट होस्टचं घड्याळ वाचायला देता येतं. मधे नेटवर्क नाही, त्यामुळे उत्तर मायक्रोसेकंदांत जुळतं. दोन चुका इथे वारंवार होतात. मॉड्यूल हाताने लोड केलं, पण बूटच्या यादीत लिहिलं नाही, त्यामुळे पुढच्या पॅचिंगनंतर व्हीएम पुन्हा पोरका. आणि पीटीपी० हेच उपकरण धरलं, तर एसआर-आयओव्ही (नेटवर्क कार्ड थेट व्हीएमला देण्याची सोय) असलेल्या व्हीएममध्ये ते नेटवर्क कार्डाचं निघालं. सिसएफएसमध्ये त्या उपकरणाचं ‘क्लॉक नेम’ वाचा, तिथे ‘केव्हीएम व्हर्च्युअल पीटीपी’ असंच हवं.

स्नॅपशॉटवरून उठलेला किंवा बराच वेळ थांबवलेला व्हीएम त्याच जुन्या वेळेत जागा होतो. आत क्रोनी चालू असतं, पण तीन उड्यांची मुभा कधीच संपलेली. मग ते सरकवत बसतं. क्रोनीचा सरकवण्याचा कमाल वेग ८३३३३ पीपीएम, म्हणजे १२ सेकंदांत १ सेकंद. तासाभराची चूक भरायला १२ तास. तेवढ्या वेळात टोकन, प्रमाणपत्रं, ओटीपी सगळं रडतं. स्टेटलेस व्हीएमसाठी ‘मेकस्टेप १.० -१’ करा, उडी केव्हाही मारू द्या. डेटाबेसच्या व्हीएमवर हे डोळे झाकून करू नका. कॅसँड्रासारख्या डेटाबेसमध्ये शेवटचा टाइमस्टँप जिंकतो. तिथे मागे मारलेली उडी म्हणजे आत्ताचं लिखाण जुन्याखाली गाडलं जाणं.

व्हीएमवेअरवर टूल्समधला वेळेचा चेकबॉक्स काढला म्हणजे संपलं असं समजू नका. तो फक्त नियमित जुळवणी बंद करतो. व्हीमोशन (व्हीएमवेअरचं लाइव्ह मायग्रेशन), स्नॅपशॉट, रिझ्यूम या वेळी एकेकदा होणारी जुळवणी चालूच राहते, ती बंद करायला व्हीएमएक्स फाइलमध्ये ‘टाइम डॉट सिंक्रोनाइज’ने सुरू होणाऱ्या वेगळ्या ओळी लागतात. त्याआधी ईएसएक्सआय होस्टची वेळ बघा. बऱ्याचदा गुन्हेगार तोच असतो, टूल्स नुसतं निरोप पोहोचवतात.

महापे ते ठाणे: मधली लाइन

एनटीपी असं गृहीत धरतं की जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. तसं नसेल तर फरकाच्या निम्मी चूक घड्याळात उतरते. जायला १ मिलिसेकंद, यायला ७, तर घड्याळ ३ मिलिसेकंदांनी चुकणार, आणि एनटीपीला त्याचा पत्ताच लागणार नाही.

बैठकीत नेहमी फायबरच्या लांबीवर वाद होतो: एक जोडणी दिघा-विटावा-कळव्यावरून, दुसरी ऐरोली पुलावरून मुलुंडमार्गे. पण काचेतून प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. दहा किलोमीटरचा फरक म्हणजे ५० मायक्रोसेकंद, तो सोडून द्या. खरी चूक रांगेत उभी राहते. रात्री १ ते ४ महाप्याहून ठाण्याला बॅकअप चालतो, त्या दिशेची रांग फुगते, परतीची मोकळी असते. एका बाजूला ४० मिलिसेकंद थांबावं लागलं तर घड्याळात २० ची चूक. सेफचे मॉनिटर दोन्ही ठिकाणी पसरलेले असतील तर ५० च्या मर्यादेतला मोठा वाटा इथेच जातो. ट्रान्स-हार्बरच्या गाडीला चार मिनिटं उशीर झाला तर आपण हू की चू करत नाही, सेफ मात्र इतकं सोशिक नाही. काही टीम त्यावर ‘मॉन क्लॉक ड्रिफ्ट अलाउड’ ०.०५ वरून ०.५ करून टाकतात. इशारा जातो, दुखणं राहतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

ओळखायचं कसं? क्रोनीचा ‘मेझरमेंट्स’ लॉग चालू करा आणि दोन रात्री जमू द्या. ऑफसेट आणि डिले दोन्ही आकडे एकाच वेळी फुगत असतील, आणि दोघांचा चढ बॅकअपच्या वेळापत्रकाशी जुळत असेल, तर निकाल लागला. उपाय क्रमाने: प्रत्येक जागेचे होस्ट आपल्याच जागेच्या वेळ-सर्व्हरना ‘प्रेफर’ करोत. क्रोनी ४.० पासून ‘डीएससीपी ४६’ (पॅकेटवर प्राधान्याची खूण) अशी ओळ देता येते, ती द्या आणि राउटरवर त्या वर्गाला पुढची रांग मागा. शेवटी बॅकअपला बँडविड्थची मर्यादा घाला. पहिल्या उपायानेच बहुतेकांचं काम होतं.

गच्चीवरचा अँटेना

स्वतःचा जीपीएस रिसीव्हर असलेल्यांसाठी. जून ते सप्टेंबर या काळात उपग्रहांची संख्या हळूहळू घटत असेल तर आधी कनेक्टर उघडा. पाऊस आडवा येतो, खाडीकडची हवा खारट, आणि अँटेनाच्या बुडाशी असलेल्या एन-कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. आतली पिन हिरवट पडलेली दिसेल. पुसून काम भागत नाही. केबल ओली झालेला भाग कापून नवा कनेक्टर लावा, त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे थरांची तोंडं खाली राहून पाणी आत जात नाही. केबलला कनेक्टरच्या आधी खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल. अँटेना सक्रिय असेल तर केबलच्या टोकाला मल्टीमीटर लावा, रिसीव्हरच्या माहितीपत्रकाप्रमाणे सहसा ५ किंवा ३.३ व्होल्ट मिळायला हवेत. वीजरोधक बसवला असेल तर तोही याच वेळी तपासा, तो एकदा कामी आला की पुढे नुसती जागा अडवतो. केबलच्या लांबीमुळे होणारा उशीर मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद, आपल्या कामाला शून्य.

वीज गेल्यावर

पूर्ण रॅक एकदम उठणं ही खरी परीक्षा. यूपीएस संपला, जनरेटरने दगा दिला, अर्ध्या तासाने सगळे होस्ट एकत्र बूट झाले. प्रत्येकाने आपापल्या बॅटरीवरची वेळ घेतली, आणि स्विच तयार व्हायच्या आतच सेफ आणि डेटाबेस सुरू झाले. दहा मिनिटांनी क्रोनीने उड्या मारल्या, पण तोवर चुकीच्या वेळेची नोंद आत गेलेली.

‘क्रोनी-वेट’ सेवा चालू करा. चूक ०.१ सेकंदाच्या आत येईपर्यंत ती थांबते, जास्तीत जास्त १८० सेकंद. मग सेफ, ईटीसीडी, डेटाबेस यांच्या युनिटमध्ये ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ दोन्हींत ‘टाइम-सिंक टार्गेट’ लिहा. एकटं ‘आफ्टर’ लिहिलं तर क्रम ठरतो, पण टार्गेट आणलंच जाईल याची खात्री नसते. आणि ‘आरटीसीसिंक’ची ओळ कॉन्फिगमध्ये आहे ना बघा. ती असेल तर कर्नल दर ११ मिनिटांनी हार्डवेअर घड्याळ जुळवत राहतं, पुढच्या बूटला चूक सेकंदाच्या आसपासच असते. ती नसेल तर ‘टाइमडेटसीटीएल’ सिंक झालेल्या नोडलाही ‘नो’ म्हणतं, आणि मॉनिटरिंगला आकडे पुरवणाऱ्या नोड एक्स्पोर्टरचा सिंक स्टेटसही खोटा लाल होतो.

चुकलेलं घड्याळ दुरुस्त करताना

घड्याळ मागे असेल तर पुढे उडी मारणं बहुतेकदा चालतं. पुढे गेलेलं मागे आणायचं असेल तर आधी ठरवा: चूक सेकंदाच्या आत असेल तर क्रोनीला सरकवू द्या, काही मिनिटांत होतं. जुना एनटीपीडी अजून कुठे असेल तर त्याचा वेग ५०० पीपीएमच आहे, १ सेकंदाला ३३ मिनिटं, तेवढा धीर धरा. चूक मोठी असेल तर नोडवरच्या सेवा थांबवा, ‘क्रोनीसी मेकस्टेप’ द्या, ट्रॅकिंगमध्ये फरक मिलिसेकंदाखाली आला हे बघा, मग सेवा सुरू करा. सेफच्या मॉनिटरांवर हे एका वेळी एकाच नोडवर, बहुमत टिकवून. ‘डेट’ने हाताने वेळ भरू नका. मनगटावरचं घड्याळ बघून भरलेली वेळ सेकंददोन सेकंद चुकणारच, आणि क्रोनीने शिकलेली चालही बिघडते.

नोडची घड्याळं जुळली की सेफकडे ‘टाइम-सिंक-स्टेटस’ मागा. मॉनिटर एरवी ५ मिनिटांनी आणि फरक असताना ३० सेकंदांनी तपासतात, म्हणून इशारा लगेच गेला नाही तर घाबरून आणखी काही बदलू नका. इशाऱ्याची मर्यादा मॉनिटरिंगवर १० मिलिसेकंद ठेवा, सेफ ओरडायच्या आधी तुम्हाला कळेल. त्याबरोबर प्रत्येक होस्टवर रीच ३७७ असलेले किमान ३ स्रोत आहेत का, आणि रेफरन्स आयडी ७एफ७एफ०१०१ कुठे उगवला नाही ना, हेही मोजा.

तिकीट बंद करण्याआधी एक बॅकअपची रात्र जाऊ द्या, एक व्हीएम मुद्दाम लाइव्ह मायग्रेट करा, आणि एक होस्ट नेटवर्कची तार काढून बूट करून बघा. तिन्हींत ट्रॅकिंग आणि लॉग अपेक्षेप्रमाणे राहिले तर बंद करा. एकातही गडबड दिसली तर तिकीट उघडंच ठेवा आणि त्यात पहिल्यांदा साठवलेल्या त्या पाच फाइल जोडा.